करवंदीच्या जाळीत

छत्रपती संभाजीनगर

सौ. तनुजास,
शिवराजची मनापासून आठवण.

मी बरा आहे. अक्षर जुनेदचं आहे, माझ्यासोबतच्या माळ्याचं. फोनवर बोललो असतो तर रडू फुटलं असतं.

इथं एका कोरड्या बागेत बारमाही हिरवी राहणारी डोंगरी झाडं लावतोय. अंजनी लावून झाली. करवंदीची रोपं आणायला डोंगरावर गेलो, तर जाळीत उजव्या हाताला घोणस चावली. "हलू नको, शिवा," म्हणत जुनेदनं मला पाठीवर घेतलं. डॉक्टरांनी जीव वाचवला. दोन बोटं नाय वाचली.

आई जेवती का? मला काटा लागला, एवढंच तिला सांग.

मंजूला करवंदं तोडायला एकटी सोडू नको. लई हट्ट केला तर थांब म्हणावं, बाबा आल्यावर आपला हात दाखवतील.

तुझाच,
शिवराज