बिनविरोध

गुरुजी, आपल्याला जाऊन इतकी वर्षे लोटली की गावात आपली आठवण असणारे आता फार कोणी उरले नसेल. मी मात्र इंग्लंडात, लेस्टर नावाच्या शहरात, खिडकीपाशी बसून आपल्याशी बोलत आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचे आयुष्य मोजे विणणाऱ्या गिरणीत गेले. पण आपण घोटून घेतलेले अक्षर अजून डगमगत नाही, हे अभिमानाने नमूद करतो.

सध्या येथे दूरचित्रवाणीवर अमेरिकेखेरीज विषय नाही. तेथे काळ्या वर्णाचा माणूस अध्यक्ष म्हणून निवडून आला आहे. त्याला मंचावर पाहिले आणि मला आपला वर्ग दिसला. आपण तालुक्यापलीकडे कधी गेला नव्हता, पण इंग्रजांचे राज्य असतानाही दार लोटून घेऊन अमेरिकेची गोष्ट शेजारच्या गावची असल्यासारखी सांगत असा. त्यांच्या पहिल्या अध्यक्षाला लोक सोडायला तयार नव्हते, तरी दोन खेपांनंतर तो आपण होऊन खुर्चीवरून उठला आणि शेतावर गेला. मागच्या रांगेतून कोणी तरी विचारते, "शेतात राबायचं कोण, गुरुजी?" आपण म्हणता, "गुलाम. दोन्ही लक्षात ठेवा रे. खुर्ची सोडली हेही, आणि हयातीत गुलाम सोडले नाहीत हेही." एवढा खरेपणा मला पुढे फार थोड्या माणसांत आढळला.

वर्गाचा नायक निवडताना आपण हात वर करू देत नसा. दाराआड गाडगे ठेवून एकेकाला आत पाठवत असा; एका मुलासाठी चिंचोका, दुसऱ्यासाठी खडा. "पोर शेजाऱ्याकडे बघून हात वर करतं. एकटं असलं म्हणजे स्वतःचं ऐकतं," असे आपले म्हणणे. मी दोनदा नायक झालो. तिसऱ्या वेळी आपण माझे नावच घेतले नाही. मी रडकुंडीला येऊन विचारले, माझे काय चुकले? "काही नाही. वाईट असतास तर पोरांनीच खाली बसवलं असतं. चांगल्याला बस म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून मी म्हणतो." एवढे बोलून आपण आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. राग आलेला असूनही मी ती खाल्ली.

येथे आमचे मराठी मंडळ आहे आणि त्याचा अध्यक्ष मी होतो. दर वर्षी एक जण नाव सुचवी, दुसरा अनुमोदन देई, टाळ्या होत आणि चहा येई. बिनविरोध निवड हाच मोठा मान, अशी माझी समजूत होती. परवाच्या सभेत मात्र काही जणांनी अध्यक्षपदासाठी पुढे केलेली, नागपूरहून येथे आलेली, रुग्णालयात काम करणारी एक मुलगी उभी राहिली.

"काका, सॉरी, पण अमेरिकेचा प्रेसिडेंटसुद्धा दोन टर्म्स झाल्या की घरी जातो. तुमची ही कितवी?"

"मी मोजत नाही," मी म्हणालो.

"आम्हीही सोडलंय मोजायचं!" मागून कोणी तरी म्हणाले, आणि सभागृह हसले.

"अगं, तिथे अणुबॉम्बचं बटण असतं. इथे मी गणपतीत खुर्च्या लावतो. कसली आली आहे सत्ता?"

"मग सोडवत का नाही, काका?"

मी ताठ उभा राहून म्हणालो, "ज्यांना ही मुलगी अध्यक्ष हवी, त्यांनी हात वर करावेत." एकही हात वर झाला नाही. तिचा चेहरा लाल झाला. तिला पुढे करणारे चपलांकडे पाहत राहिले. तेवढ्यात आपले गाडगे माझ्या डोळ्यांपुढे आले. मी म्हणालो, हे मतदान धरू नये, चिठ्ठ्या वाटा. चिठ्ठ्या उघडल्या आणि मी हरलो, गुरुजी, चांगलाच हरलो. ती पाया पडायला वाकली. मी म्हटले, "अध्यक्षांनी वाकायचं नसतं." तिचे पहिले भाषण इंग्रजीमिश्रित, पण नेटके झाले.

तेव्हापासून जो भेटतो तो माझ्या मोठेपणाची तारीफ करतो. काकांनी स्वतः गुप्त मतदान मागितले, खुर्चीचा मोह ठेवला नाही, असे म्हणतो. मी मान लववून आभार मानतो. आपला पत्ता कोणत्याही टपालखात्याकडे नाही, हे पान माझ्यापाशीच राहील, म्हणून येथे लिहितो. मंडळाचे लोक एकटे असले तरी मलाच निवडतील, अशी माझी पक्की खात्री होती. नसती, तर चिठ्ठ्या मागितल्या असत्या की नाही, हे मला सांगता येत नाही.