बॉनेट न उघडता

घनसावंगी
२८ एप्रिल २०२६

चि. सौ. शीतल हिस दादाचे पोटभर अ. आ.

कागद बघून हसू नको. फोन केला की दाजी स्पीकर लावतात, तू नुसतं हं-हं करती अन् मी उन्हातान्हाचं बोलून ठेवून देतो. म्हणून हे बेबीनंदाजवळ देऊन राह्यलो. ती सोमवारी ड्यूटीवर वाटूरला चालली. शाळेत तुझं बघून उत्तरं लिहायची, आता नर्स झाली तरी तुझं टपाल तिनंच वाहावं, फिटंफाट.

तर बातमी. आपली जीप महिनाभरापासून पाणी पिऊन राह्यल्ती. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा, हिरवं कूलंट घालावं, अन् अंबड येईस्तोवर गरमीचा काटा वर. खाली एक थेंब दिसंना. सवाऱ्या टोमणे मारायल्या की बाटल्या आमच्यासाठी घेतो का गाडीसाठी. मंग वाटूरला दाजींच्या गॅरेजात आणली, तुला आठवत असंल. दाजी खुर्चीवर चहा पीत बसल्ते. तिथूनच म्हणाले की रेस दे. मी दिली. कान टवकारून ऐकलं अन् सांगून टाकलं की हेड गॅसकेट गेलं, पाणी आतल्या आत जळून राह्यलं, इंजिन खोलावं लागंल. पोरी, बॉनेटसुद्धा उघडलं न्हाई गं! जरा बघा तरी म्हणलं, तर म्हणाले की सोमेश्वरच्या कानाला हाताची गरज पडत न्हाई.

मला चैन पडंना. जालन्याला इजहारभाई मिस्त्रीला दाखवली. त्यानं ऑइलची काडी काढून बघितली, ऑइल स्वच्छ. गॅसकेट गेलं असतं तर ते दुधासारखं झालं असतं म्हणे. रेडिएटरात बुडबुडे न्हाईत, धूर पांढरा न्हाई. शेवटी रेडिएटरचं झाकण काढून माझ्या हातावर ठेवलं. आतलं रबर चिरून गेल्तं. गाडी तापली की पाणी तिथूनच वाफ होऊन उडायचं. झाकण बदललं, अन् तेव्हापासून टिपूसभर कमी न्हाई. एवढ्याशा झाकणासाठी दाजी इंजिनाचं पोट फाडायला निघाले व्हते!

स्टँडवर दोघाचौघांना सांगितलं, राहवलंच न्हाई मला. तू मात्र तिकडं काही बोलू नको. औंदा जेठात अधिक महिना आलाय. मागच्या वेळी तुझ्या नणंदेच्या बाळंतपणात तुमचं धोंड्याचं जेवण राहूनच गेलं. आईनं जावयाच्या ताटासाठी डाळ आत्ताच निवडून ठेवली. तारीख ठरवून कळव.

माया आहे ती पाठवलीय, तुझी पण येऊ दे.
तुझा दादा, कल्याण


वाटूर
७ मे २०२६

ती. दादास, शीतलचा शि. सा. न. वि. वि. आईच्याही पायांवर डोकं ठेवते.

अरे बाबा, मला गप्प राहा म्हणतोस अन् स्वतः स्टँडवर दवंडी पिटतोस! तुझ्या पत्राच्या आधीच बातमी इथं पोचल्ती. तुमच्या लाइनचा तो मिथुन ड्रायव्हर पंक्चर काढायला आला अन् भर गॅरेजात ह्यांना म्हणाला की मामा, माझी गाडी पण कानानंच बघता का. गिऱ्हाइकं हसली. ह्यांनी हातातला पाना भिरकावला. घरी आले ते ताटाला शिवले न्हाईत. सांगून टाकलं की ज्या घरात माझ्या शब्दाला किंमत न्हाई त्या घरचे धोंडे मला विष. अन् मला बजावलं की तूही त्या दारात पाऊल टाकायचं न्हाई.

आईला हे हळू सांग. पण दादा, खरं सांगू का? मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसले. कितीतरी दिवसांनी हसले असंन.

तुला वाटंल ही येडी झाली. ऐक. ह्यांना हात न लावता सांगायची सवय नुसती गाड्यांपुरती न्हाई. आमच्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हाच ह्यांनी घरात सांगून टाकलं की मूल होत न्हाई तो दोष माझ्यात आहे. ना डॉक्टर, ना तपासणी. बेबीनंदानं एकदा धीर करून सांगितलं की दोघांनीही तपासून घ्या. तर ह्यांनी तिला उत्तर दिलं की गाडी असो का बाई असो, मला नुसतं बघून कळतं. तेव्हापासून सासूबाई मला कुणाच्या डोहाळजेवणाला नेत न्हाईत. बारशाच्या घरी गेले तर बाया लेकरू दुसऱ्या खोलीत नेतात. मी हे तुला कधी बोलले न्हाई. आईला तर बिलकुल कळू देऊ नको.

अन् मंग तू जीप दुसऱ्याला दाखवलीस. मला वाटलं, अगं बाई, दाखवता येतं की! ह्यांनी सांगितलं म्हंजे ते झालंच, असं न्हाई. बेबीनंदा मला जालन्याला तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईकडं नेणार हाय. घरी सांगायचं ते आम्ही बघू.

माझ्यासाठी एवढं एकच कर. हे कितीही रुसले तरी तू तुझं म्हणणं सोडू नको. धोंडे हुकले तर हुकले. ह्यांचं एकदा चुकलं, एवढं तरी ह्या घरात खरं म्हणून राहू दे. उद्या मला बोलायची वेळ आली तर तेवढ्याच आधारावर मी बोलणार हाय.

काळजी करू नको असं लिहायची रीत हाय, पण थोडी कर.
तुझी शीतल


घनसावंगी
२७ मे २०२६

चि. सौ. शीतल हिस दादाचे अ. आ. वि. वि.

मिटलं बाई एकदाचं! तुला दिसलंच, पण सगळं सांगतो.

तू येणार न्हाई कळल्यावर आईनं अंथरूण धरलं. एकुलती एक लेक, अन् जावई धोंड्याला रुसून बसला, मी लोकांना काय तोंड दाखवू, हेच दिवसभर. भाकर समोर ठेवली की सरकवून द्यायची. शेवटी आपले चुलते काकासाहेब मधी पडले. म्हणाले की कल्याण, जावयाशी वाद जिंकून घरात काय आणशील? मान देऊन टाक, मान द्यायला काय खर्चा लागतो? बरं, त्यांचंही खोटं न्हाई. जावयाला चूक म्हणायची आपल्यात रीत आहे का?

म्हणून परवा त्यांना घेऊन आल्तो. गॅरेजात दहाजण बसल्ते, मिथुनपण. सगळ्यांच्या समोर मी हात जोडून म्हणलं की दाजी, तुमचंच बराबर व्हतं, इजहारभाईनं थातुरमातुर केलं, आता तुम्हीच इंजिन खोला. दाजींचा चेहरा काय खुलला! तू चहा घेऊन आलीस अन् कप आदळून आत गेलीस. तेव्हाच तुला समजावलं असतं, पण माणसं व्हती.

माझ्या डोळ्यांदेखत हेड खोललं. खोटं कशाला बोलू, गॅसकेट, तो आतला पातळ पत्रा, धडधाकट निघालं. कुठं जळल्याचा डाग न्हाई, चीर न्हाई. दाजींनी ते पालथं केलं, भंगारात टाकलं अन् विचारलं की बघितलं का? मी म्हणलं, बघितलं.

तुझं पत्र मी विसरलो न्हाई. तीनदा वाचलं, रडू आलं. पण तूच सांग, बहीण दारात येणं मोठं का एक झाकण मोठं? दवाखान्याचं धोंड्यानंतर बघू, आता ताणू नको. दाजी खुशीत असले की मी सवडीनं विषय काढीन. इंजिनाचं काय, लोखंडच ते. तुझ्यासाठी एवढं केलं तर कुठं बिघडलं?

आई उठली, जेवली, अन् सकाळपासून तूप कढवून राह्यली. तू लवकर ये, रागावली असशील तर इथं येऊन रागाव.
तुझा दादा, कल्याण


वाटूर
१४ जून २०२६

ती. दादास, शि. सा. न.

धोंडे छान झाल्ते. आईला सांग, तिच्या हातचं तूप अजून जिभेवर हाय. तिथं तुझ्याशी बोलायचं व्हतं, पण हे माझ्या मागून हलले न्हाईत. तू ह्यांना टिळा लावलास, टोपी-उपरणं दिलंस, अन् ह्यांनी भर पंगतीत पुन्हा कानाची गोष्ट सांगितली. काकासाहेबांनी मान डोलावली. तू पण डोलावलीस. मी वाढत व्हते, माझं लक्ष तुझ्याकडंच व्हतं.

आता ऐक. धोंड्याच्या आधीच मी बेबीनंदासंगं जालन्याला जाऊन आल्ते. तू थांब म्हणला व्हतास, मी थांबले न्हाई. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझ्यात काही दोष न्हाई, आता नवऱ्याला घेऊन ये. मी तिथंच बाकावर बसून रडले. बेबीनंदा पण रडली, येडी.

तुमच्याकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिपोर्ट ह्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी तो पाकिटातून काढला पण न्हाई. शांतपणे म्हणाले की तुझ्या भावाचं इंजिन पण जालन्यात चांगलंच निघाल्तं. खोलल्यावर काय निघालं ते त्यालाच विचार, त्यानं दहाजणांत हात जोडून कबूल केलंय. सासूबाईंनी री ओढली की सख्खा भाऊ खोटं कशाला बोलंल. दादा, माझ्याजवळ ह्यावर उत्तर न्हाई. व्हतं ते तू देऊन टाकलंस.

इंजिन खोलल्यापासून तुझी जीप आता खरंच पाणी पिऊन राह्यली म्हणून तू ती परत इथं आणून लावलीस. हे ट्रायल घेतो म्हणून परवा घेऊन गेल्ते. सासूबाईंना संगं घेऊन, टेंभुर्णीला. तिथं त्यांच्या नात्यात एक पोरगी बघितली. मिथुननं बेबीनंदाला सांगितलं. इथंही आता लपवत न्हाईत. सोडचिठ्ठीवर सही दे, म्हणून काल मला सांगून झालं. तुझ्याच गाडीत बसून गेले रे! वाटेत दोनदा पाणी घालावं लागलं म्हणे.

तू माझ्यासाठी केलंस म्हणतोस. मला विचारलंस का? मी काय मागितलं व्हतं ते तुझ्या हातात लिहून दिल्तं. तुम्हाला मी दारात पाहिजे व्हते, एक दिवस, नवी साडी नेसून. तशी मी आले, जेवले, परत गेले. माझा संताप झालाय दादा, अन् आई-काकासाहेबांवर न्हाई, तुझ्यावर. कारण तुला खरं माहीत व्हतं. तू बघितलंस.

गॅसकेट मी भंगारातून उचललं. रॉकेलनं धुऊन, पुसून, रिपोर्टच्या पिशवीत ठेवलंय. दोन्ही ठीक आहेत.

येत्या रविवारी टेंभुर्णीची माणसं इथं येणार हायत. गॅरेजात तीच दहाजणं बसतील, मिथुन असंल, काकासाहेबांनाही ह्यांनी बोलावलंय. तू पण ये. गाडी न्हाई तर बसनं ये. पिशवी मी तुझ्या हातात देईन. त्याच माणसांपुढं उभा राहा अन् सांग की गॅसकेट धडधाकट व्हतं. माझं मी पुढं बोलते. तेवढं जमणार नसंल तर येऊ नको, अन् राखीला पण मग साडी पाठवू नको.

लोभ असू दे असं ह्या वेळी लिहीत न्हाई. लोभापायीच तू इंजिन खोलू दिलंस. रविवारी नुसतं खरं बोल.
शीतल