उलट्या प्रदक्षिणेचा उशीर

हॅनोव्हर

चि. सौ. प्रेमिला हिस,
पृथ्वीच्या गारठलेल्या बाजूकडून दादाचे आशीर्वाद.

प्रथम एक गंभीर तक्रार. तू पाठवलेल्या बरणीला इतकी चिकटपट्टी गुंडाळली होतीस, की लोणच्याआधी ब्रह्मज्ञान हाती लागले असते.

बाकी तब्येत उत्तम, कामही बरे चालले आहे. पृथ्वी संत्र्यासारखी चपटी आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको. ती फिरताना भोवतालचा अवकाशही जरासा ओढून नेते. म्हणून एकाच उंचीवरून दोन उपग्रह विरुद्ध दिशांनी सोडले, तर पृथ्वीबरोबर जाणारा किंचित उशिरा परततो. तो उशीर मोजण्याचा मला पगार मिळतो.

परवा हुडकेश्वरच्या देवळात तू व्हिडिओ कॉल लावून आईच्या हाती फोन देऊन चपला शोधायला गेलीस ना? ती पिंपळाला प्रदक्षिणा घालून उभी होती. मी म्हटलं, "आई, घरी जा आता, ऊन झालं." तर म्हणते, "थांब ना गा, तुझे बाबा तिकडून येऊन राहिले."

बाबा प्रदक्षिणेला मुद्दाम उलटे निघायचे आणि ही चिडायची, आठवतं? त्यांना जाऊन चार वर्षं झाली, हे माझ्याच्यानं सांगवलं नाही. तिनं फोन झाडाकडे वळवला. मीही बुंध्याच्या त्या कडेकडे बघत राहिलो. पान हलत नव्हतं. "आले," ती म्हणाली, आणि कुणाला वाट द्यावी तशी बाजूला सरकली.

तिचं हे असं वागणं तुलाही दिसतं का गं? डॉक्टरांना दाखवलंस का?

मी डिसेंबरात येईन तेव्हा ती मला ओळखणार नाही, अशी भीती वाटते.

तुझा,
दादा