दुसऱ्या खुर्चीबद्दल अक्कांना

तीर्थस्वरूप अक्कांना,

धाकट्या जावेचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा. (खरं तर खुर्चीत बसून केलाय, पण मान खाली आहे, लिहायला तशी ठेवावीच लागते.) भावजींचा खोकला कसा आहे? दुकानात गिऱ्हाईक आलं की वाढतो नि गेलं की थांबतो असं तुम्ही कळवलं होतंत, तेव्हा औषध बदलून काही व्हायचं नाही, गिऱ्हाईक बदलून बघा. तुमची झोप कशी आहे? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणता, पण दुपारी कधीही फोन केला तरी भावजी हळू आवाजात बोलतात, म्हणजे हिशेब बरोबर बसतो, काळजी नसावी. इकडे सगळं ठीक. तुमचं पोरगं वेळेवर जेवतं, दाढी करतं, नि दिवसभर घासतं. (व्हायोलिन. भांडी मीच.)

पत्राला कारण तुमचा हुकूम. गेल्या खेपेला तो घरी आला तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, बाबा तू करतोस काय, नि तो सरळ म्हणाला, चौघांच्या चमूत दुसरं व्हायोलिन वाजवतो. झालं. शाळेत कधी दुसरा नंबर न आलेलं पोर चौघांत दुसरं आलं म्हणून तुम्हाला पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही त्याच्याकडून शब्द घेतलात, हा हंगाम संपायच्या आत पहिला हो, नाहीतर गुमान घरी येऊन सायकलींच्या दुकानात बस. त्यानं एका अक्षरानं वाद न घालता शब्द दिला. नि मला तुम्ही बजावलंत, तू तिथं त्याचं घर सांभाळतेस, जरा लक्ष घाल. तर अक्का, मी लक्ष घातलं. पुढचं बसून वाचा.

आधी ही चौकडी कशी ते सांगते. पहिल्या खुर्चीत एक उंच, लांब मानेचा माणूस बसतो, त्याला मी सारस म्हणते. (तोंडावर नाही. एकदा चुकून म्हटलं, पण त्याला ते कौतुक वाटलं.) दुसऱ्या खुर्चीत आपला. तिसरे मौनीबाबा, ते व्हायोला वाजवतात, म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ, जरा घोगरा. बाबा बोलत नाहीत, नुसते चहा पितात. नि चौथी चेलोवाली. तिचं वाद्य एवढं मोठं की प्रवासात त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं, नि ते खिडकीशी बसतं, बाई मधे. हिनं चांगली ऑफिसातली खुर्ची सोडली म्हणून वडील बोलेनासे झाले होते. सारस श्रीमंतांच्या मुलांना शिकवतो, त्या मुलांना शिकायचं नसतं. मौनीबाबा हॉटेलात लोक सूप पितात तेव्हा वाजवतात, नि कुणी वर बघत नाही. आपल्याचं तुम्हाला माहीतच आहे, भाडं मी नि तो मिळून भरतो. अशी अर्धी रिकामी पोटं बाजूला ठेवून हे चौघं रोज आमच्या पुढच्या खोलीत बसतात, नि एक सूर आखूड की लांब यावर चहा गार होईपर्यंत भांडतात. वरिष्ठ कुणी नाही. चौघांना पटलं तरच गोष्ट होते. चार जावा एका चुलीवर घाला, नि वर सासू नको, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल.

आता मुख्य गोम. यांच्यापुढे काठी हलवून खूण करणारा माणूस नसतो, मग सुरू कधी करायचं? तर पहिल्या खुर्चीतला नाकानं एक श्वास ओढतो, सुर्र करून, दूध उतू गेल्याचा वास यावा तसा, नि त्या श्वासावर चौघं एकदम उतरतात. मला हे ठाऊक नव्हतं. मी सुरुवातीचे कितीतरी दिवस सारसाला वाफारा घ्यायला लावला. तो बिचारा टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा, मोठ्यांचं ऐकावं म्हणून.

तुमचा हुकूम आला तशी मी एकदा सारसाला बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं पहिले बसलात, आता पोराला बसू द्या, त्याची आई झुरतेय. (झुरतेय हा शब्द माझा. तुम्ही तर मला तुमचं वजन वाढल्याचं कळवलं होतंत.) मला वाटलं माणूस चिडेल. तो म्हणाला, विचार चांगला आहे, तो माझ्याहून बरा ऐकतो. नि नेमकं त्याच आठवड्यात इथल्या मोठ्या सभागृहात परीक्षा होती. ते सभागृह एक चौकडी कायमची ठेवून घेणार, दरमहा पगार, सरावाला खोली, म्हणजे सूप नाही, श्रीमंतांची मुलं नाहीत. मी म्हटलं, मग तिथंच बसवा की. इथं माझी अक्कल चरायला गेली होती असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

कोट सांभाळायला म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. समोर टेबलाशी परीक्षक, त्यांत एक चष्मेवाल्या बाई, चेहरा असा की हिला कधी कुणी गुदगुल्या केल्या नसाव्यात. आपला जाऊन पहिल्या खुर्चीत बसला. अक्का, पोरगं दिसत होतं हो. इस्त्रीचा शर्ट, हनुवटीखाली व्हायोलिन, नि सगळं सभागृह गप्प. मला भरून आलं. (आलं नाही, तिथं गारवा फार होता.) नि माझं नाक वाजलं. सुर्र.

मौनीबाबा नि चेलोवाली, आज कुणाच्या नाकावर जायचं म्हणून आधीच बावरलेले, ते निघाले. व्हायोलिनवाले दोघं घासायच्या धनुकल्या वर धरून तसेच. अर्धी चौकडी गावाबाहेर गेली नि अर्धी वेशीतच. मग थांबले. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, तुम्ही सुरू कुणाच्या श्वासावर केलंत? नि तुमचा मुलगा उभा राहिला, धनुकलीनं माझ्याकडे बोट करावं तसं केलं नि म्हणाला, "आमच्या काकूच्या."

त्या बाई हसल्या. आधी खांदे हलले, मग चष्मा काढला. पोरानं मला सांगितलं, "काकू, आता जरा तोंडानं घे," नि पुन्हा बसला. मी रुमाल नाकावर दाबून जी बसले ती शेवटापर्यंत.

वाजवलं छान. पण मी रोज ऐकते, मला कळत होतं. सारसाचं दुसऱ्या खुर्चीत जमेना. सुनेच्या हाती किल्ल्या देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणारी सासू असते ना, तसं त्याचं चाललं होतं. दोन सूर खालून म्हणायचा नि तिसऱ्याला वर डोकं काढायचा. गोष्ट सांगणारे घरात खूप असतात अक्का, पण हूं हूं म्हणणारा नसला तर सांगणारा पेंगतो. तुम्हाला ते कळणार नाही, तुम्ही घरातली पहिली सून. मी दुसरी. तुम्ही जे सांगितलंत त्याला इतकी वर्षं हूं कुणी म्हटलं?

तरी त्यांना ठेवून घेतलं. कोण कुठं बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त बसणारे हेच चौघं हवेत, नि चौघांनी सोमवारी येऊन सह्या करा. सारस म्हणाला, पहिली खुर्ची आता कायम तुझी. मी मनात म्हटलं, अक्कांना तार करावी. तर बसथांब्यावर आपला म्हणतो, मला माझी जागा परत दे.

मी म्हटलं, अरे वेड्या, का?

"तिथं मला माझंच ऐकू येतं," तो म्हणाला. "दुसरीत चौघांचं येतं."

बस आली, आम्ही चढलो, चेलोला जागा मिळाली. नि घरी आल्यावर त्यानं कपाट उघडून कपडे काढायला सुरुवात केली. म्हणाला, आईला शब्द दिलाय, पहिला नाही तर दुकान. पहिली जागा मी आपण होऊन सोडली, म्हणजे दुकानच. मी म्हटलं, बस दुसरा नि कळव पहिला, तिथून कुणाला दिसतंय? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दूध बघायला आत गेले. शब्दाला इतकं पक्कं पोर तुमच्यावर गेलंय, भावजींवर नक्कीच नाही. तो गेला तर बाकीच्या तिघांचीही नोकरी गेली. मौनीबाबा त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "चहा नको."

हे सगळं असं झालं. मुलगा तुमचा, शब्द तुम्हाला दिलेला, तो सोडवायचा तर तुम्हीच सोडवायचा. मी मधे पडत नाही, माझा तो स्वभाव नाही.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. : जरा मधे पडलेय. तो आंघोळीला गेला होता तेव्हा तुमचा फोन येऊन गेला असं मी त्याला सांगितलं. तुम्ही शब्दातून मोकळं केलंत, नि वर म्हणालात, "कुठल्याही खुर्चीत बस, पण पाठ ताठ ठेवून बस." फार छान बोललात. पोराचे डोळे भरले, नि चेलोवालीनं ते वाक्य खोलीच्या भिंतीवर लावलंय, तेव्हा शब्द बदलू नका.

ता. क. दुसरा : खरंच फोन का नाही केला? तर फोनवर तुम्ही आधी ओरडता नि मग ऐकता. पत्रावर ओरडता येत नाही, त्यातून पत्र आणणारा समोर बसलेला असला तर मुळीच नाही. सोमवारच्या आत आईला भेटून येतो म्हणून तो निघालाय, नि हे पत्र त्याच्याच हाती देतेय. चिकटवलंय नीट, पण तो फोडायचा नाही, दुसऱ्यांची पत्रं फोडणं आपल्या घरात माझ्याकडे आहे. आत्ता तो समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघत असेल. कपाळावरची आठी काढा. काढलीत? आता पत्राची घडी घाला, नि तुमचं ते वाक्य तुम्हीच बोला.