कोचबाईंना पाण्यात उतरायचंय

दि. ६ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, आधीच कान धरते. नोकरी लागली आणि मी अशी गुंतले की आईचेही फोन राहून गेले. तिचा रुसवा काढायचं काम तुझ्यावर सोपवलंय.

तुला वाटेल, वृद्धांच्या निवासात काम म्हणजे आंघोळी, गोळ्या आणि चादरी. ते आहेच गं. पण सुरुवातीला आम्हाला चक्क वर्गात बसवून कायदा शिकवतात! मी जांभया द्यायच्या तयारीनंच गेले होते. शिकवणाऱ्या बाईंनी मला चाकाच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि चकार शब्द न बोलता मागून ढकलत सरळ खोलीबाहेर नेलं. मी घाबरून किंचाळले. त्या शांतपणे म्हणाल्या की, इथले लोक किंचाळत नाहीत, कारण त्यांना सवय झालीय. म्हणून कायदा सांगतो, आधी विचारा. हात लावण्याआधी, दार उघडण्याआधी, दिवा घालवण्याआधीसुद्धा. माझी झोपच उडाली.

आता खरी बातमी. माझ्याकडे एक बाई आहेत, ऐंशी ओलांडलेल्या. आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं, म्हणून सगळे त्यांना कोचबाई म्हणतात. (घरी तुमच्याबद्दल लिहू का, असं मी आधी विचारलं. लिही, पण रडगाणं गाऊ नकोस, असा हुकूम झाला.) पक्षाघातानं डावी बाजू लुळी पडलीय, जीभ मात्र वस्ताऱ्यासारखी. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं की तुम्हाला काय हवंय. मला वाटलं, उशी मागतील. त्या म्हणाल्या, मला पाण्यात उतरायचंय. पोहण्याच्या तलावात. पुन्हा एकदा.

मी धावत मॅनेजरबाईंकडे गेले. त्या हसल्या, मग हसणं थांबवून म्हणाल्या की काही बरंवाईट झालं तर कायदा आधी माझी मान धरेल, आणि कोचबाईंच्या चिरंजीवांनीही साफ नाही म्हटलंय. पण मावशी, आम्हाला तर उलटं शिकवलंय! माणसाला स्वतःचा निर्णय समजत असेल, तर तो दुसऱ्यांना वेडेपणाचा वाटला तरी त्याचाच. मुलाचा नाही, आमचाही नाही. माझ्या डोक्याला नुसत्या मुंग्या आल्यात. तू इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलास. सांग, मी काय करू?

तुझी माया आणि तुझं ओरडणं, दोन्ही नेहमीसारखं येऊ दे.

तुझीच,
भिंगरी

*

दि. १३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

नाव ठेवताना आम्ही विचार केला होता असं आता वाटू लागलंय. अगं, नोकरीत पाय टेकले नाहीत तोवर म्हातारीला तलावात घालायला निघालीस! तुझ्या आईला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. तिला वाटतंय तू उशांचे अभ्रे बदलतेस.

तुझ्या त्या शिकवणाऱ्या बाई मला आवडल्या. आमच्या वेळी सिस्टर सांगेल ती पूर्व दिशा. रुग्णाला विचारायचं ते फक्त पोट साफ झालं का एवढंच. आता थट्टा पुरे, नीट ऐक. हक्क आहे म्हणून दार उघडून बाजूला झालीस तर ती सेवा नव्हे, अंग काढून घेणं झालं. पाणी किती खोल, आत उतरायचं कसं, थंडी वाजली तर काय, दम लागला तर काय, हे सगळं आधी ठरायला हवं. आणि ते तू एकटीनं ठरवायचं नाहीस. फिजिओ असेल, डॉक्टर असतील, त्यांना बोलव.

दुसरं म्हणजे, मॅनेजरबाईंच्या डोक्यावरून उडी मारू नकोस. ती बाई दुष्ट नाही, घाबरलेली आहे. घाबरलेल्या माणसाशी भांडलं की ते दार लावून घेतं. तिला तिच्या तोंडून सांगू दे की तिला नेमकी कशाची भीती वाटते.

तिसरं, उत्साहाच्या भरात कुणाला बुडवू नकोस. हे मी अगदी शब्दशः म्हणतेय.

मी बरी आहे. पाठ कुरकुरते, पण ती जुनी भाडेकरू, घर सोडायची नाही. जेवत जा, आणि लिहीत राहा. मी पोस्टमनची वाट बघते हे त्यालाही कळून चुकलंय.

तुझी,
मावशी

*

दि. २ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, झालं! बसून वाच, चहा बाजूला ठेव, नाहीतर सांडशील.

तू सांगितलंस तसंच मॅनेजरबाईंना विचारलं. आधी पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, पूर्वी एका ठिकाणी एक आजोबा बागेत पडले, तेव्हा सगळ्यांनी बोट माझ्याकडेच केलं होतं. त्यानंतर त्यांनी ठरवलं की नाही म्हटलेलं बरं. मला एकदम त्यांची कणव आली. मी म्हटलं, निदान एक बैठक तर घेऊ. बैठकीनं कुणी बुडत नाही. त्यावर त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

काल बैठक झाली. डॉक्टर, फिजिओताई, शिकवणाऱ्या बाई, मॅनेजरबाई, चिरंजीव (वय साठ, टक्कल, हातात रुमाल) आणि मी. सगळे आपापसात बोलायला लागले तेवढ्यात शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, ज्यांच्याबद्दल बोलतोय त्याच खोलीत नाहीत. सगळे ओशाळले. मी जाऊन कोचबाईंना विचारलं, येता का. त्या बूट घालून तयारच बसल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की पाण्यात उतरल्यावर काय काय बिघडू शकतं ते तुमच्या शब्दांत सांगा. अगं, त्यांनी असं सांगितलं की सगळ्यांच्या अंगावर काटा! लुळी बाजू खाली ओढेल, तोंड पाण्याखाली जाईल, गार पाण्यानं छाती धरेल. बुडणाऱ्याचे हात कसे चालतात तेही एका हातानं करून दाखवलं. त्यांनी स्वतः माणसं बाहेर काढलीत ना. शेवटी म्हणाल्या, हे सगळं ठाऊक असून मला जायचंय. डॉक्टर म्हणाले, एवढं समजून तर माझे रुग्ण ऑपरेशनलाही हो म्हणत नाहीत.

चिरंजीव रडकुंडीला आले. आई, हट्ट सोड, म्हणाले. तेव्हा कोचबाईंचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. म्हणाल्या, लहानपणी तू पाण्याला भीत होतास. सगळे म्हणायचे, ढकल त्याला. मी ढकललं नाही, काठावर तुझ्याबरोबर बसून राहिले. आता तूही माझ्यासाठी काठावर बस. चिरंजीवांनी रुमाल डोळ्यांना लावला.

मॅनेजरबाईंनी भीती बोलून दाखवली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कायदा विचारेल ते एवढंच की तुम्ही विचार केला होता का आणि तयारी केली होती का. सरसकट नाही म्हणणाऱ्यालाही तो जाब विचारतो. मॅनेजरबाईंनी डायरी उघडली. मग एकदम विचारलं, तलावावर गर्दी कमी कधी असते?

मी टेबलाखाली पाय आपटले! तलावावर पाण्यात उतरवणारी खुर्ची आहे, फिजिओताई पाण्यात असणार, मीही कमरेएवढ्या पाण्यात उभी राहणार. निवासात दुसरा विषय नाही. स्वयंपाकघरातले काकासुद्धा कोचबाईंना दंडाचे व्यायाम विचारतायत.

आईला आता सांगितलंस तरी चालेल. माझ्यासाठी देव पाण्यात ठेवू नकोस, पाण्यात जागा लागणार आहे.

तुझीच,
भिंगरी

*

दि. ९ मे

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

चहा सांडलाच. नवी चादर होती.

शेजारणीला तुझं पत्र वाचून दाखवावं असं फार वाटलं, पण कोचबाईंनी तुला परवानगी दिलीय, शेजारणीला नाही. म्हणून जीभ चावून बसले. बघ, तुझा कायदा इथवर पोहोचला.

आणखी ऐक. परवा तुझा दादा मला पाठीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर त्यालाच विचारत होते, यांना झोप लागते का, या वाकतात का. जणू मी टेबलावरची फुलदाणी! दोन-तीन प्रश्न ऐकून घेतले, मग म्हटलं, डॉक्टर, पाठ माझी आहे, याला फक्त गाडी चालवता येते. दादाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. डॉक्टर मात्र भला माणूस, खुर्ची वळवून माझ्यासमोर बसला आणि पहिल्यापासून सगळं मला विचारलं. घरी येताना मी गाडीत गाणं म्हणत होते.

तलावाची हकीकत आली नाही तर मी उपास करीन आणि त्याचं पाप तुझ्या माथी.

वाट बघणारी,
मावशी

*

दि. २१ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं फिसकटलं गं.

तलावावर गेलो तेव्हा कोचबाई पाण्याच्या वासानंच टवटवीत झाल्या. पोहण्याचा पोशाख, केसांवर टोपी, चेहरा एखाद्या मुलीसारखा. खुर्चीत बसवलं, कळ दाबली, खुर्ची कुरकुरली आणि काठावरच अडकली. खाली जाईना. तिथला जीवरक्षक धट्टाकट्टा. म्हणाला, यंत्र कशाला, आजी पिसासारख्या आहेत, तुम्ही पाय धरा, मी खांदे धरतो, टाकू आत. कोचबाई म्हणाल्या, उचला! चिरंजीवसुद्धा बाह्या सरसावून पुढे आले.

आणि मी नाही म्हटलं.

ओली फरशी, लुळा खांदा, आणि माणसाला असं हातांनी उचलायचं नाही हा नियम आम्हाला पहिल्या आठवड्यात घोटून घेतलेला. हात निसटला तर त्यांचं डोकं काठावर. फिजिओताईही माझ्याच बाजूनं उभ्या राहिल्या. पण कोचबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, मावशी! म्हणाल्या, निर्णय माझा असं तूच सांगितलं होतंस ना? मी म्हटलं, पाण्यात जायचा निर्णय तुमचाच, पण उचलणारे हात आमचे आहेत, आणि या फरशीवर ते सुरक्षित नाहीत. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली.

आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. मी विचारलं की मान हलवतात, बस. मीच हे सगळं उभं केलं आणि मीच मोडलं. मी चुकले का?

तुझी,
भिंगरी

*

दि. २७ मे

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

नाही चुकलीस. आधी हे वाच, मग बाकीचं.

माझी पाठ कशानं गेली हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. एक अवघडलेली बाई होती, पलंगावरून स्ट्रेचरवर घ्यायची होती, माणसं कमी. घाई होती, सगळे म्हणाले, चला, उचलू. उचललं. तिचं काही बिघडलं नाही, बाळही सुखरूप. पण त्या दिवसापासून मी वाकून चप्पल घालू शकलेली नाही. तेव्हा कुणी तुझ्यासारखं नाही म्हणालं असतं, तर मी त्याच्या पाया पडले असते.

पण एक गोष्ट विचारते. ती खुर्ची आदल्या दिवशी कुणी चालवून बघितली होती का? नाही ना? मग उद्या कोचबाईंकडे जा आणि तेवढ्याचीच माफी माग. नाही म्हटल्याची मागू नकोस. आणि खुर्ची कधी दुरुस्त होणार हे तलाववाल्यांना रोज विचार, ते तुला कंटाळेपर्यंत.

सोबत एक बंद पाकीट आहे, कोचबाईंसाठी. ते फोडायचं नाही. ते त्यांचं पत्र आहे.

डोळे पूस, नाक शिंकर, कामाला लाग.

तुझी,
मावशी

*

दि. १६ जून

सौ. सिस्टरबाईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. एका अनोळखी बाईला घोडम्हशीसारखी रुसून बसलीस असं लिहायची हिंमत लागते. ती तुमच्यात आहे. मला पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं, मग मी त्या पोरीला हाक मारली. ती माफी मागायलाच येत होती. दारात आमची टक्कर झाली.

तुमच्या पाठीचं वाचून वाईट वाटलं. त्या जीवरक्षकालाही मी ते ऐकवलं, तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमची परवानगी होती म्हणून.

खुर्ची दुरुस्त झाली. तुमच्या भाचीनं ती आदल्या दिवशी स्वतः बसून, अंगावरच्या कपड्यांनिशी, पाण्यात उतरवून पाहिली. भिजलेल्या मांजरासारखी परत आली.

काल मी उतरले. पाणी आधी घोट्याला, मग मांडीला, मग पोटाला. फिजिओ मानेखाली हात धरून होती. तुमची भाची समोर. मी म्हटलं, सोडा आता. फिजिओनं हात हळूच काढला. मी तरंगले, सिस्टरबाई. जो डावा हात मांडीवरून उचलत नाही, तो पाण्यावर हलका होऊन आपोआप वर आला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. शेजारी एक गृहस्थ पोहत होते, त्यांचा कोपर फार वाकत होता. ते मी त्यांना सांगितलं.

माझा मुलगा काठावर पाय सोडून बसला होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. थोड्या वेळानं तो म्हणाला, आई, पुरे आता, गारठशील. मॅनेजरबाई घड्याळ बघायला लागल्या. जीवरक्षक खुर्चीची कळ धरून उभा राहिला. सगळ्यांनी तुमच्या भाचीकडे पाहिलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं, तुम्हाला गारठा वाटतोय का, बाहेर यायचंय का?

मी म्हटलं, नाही.

माझ्या मुलानं घडी घातलेला टॉवेल पुन्हा मांडीवर ठेवला, आणि सगळे थांबले.

ओळख नवी आहे, पण रुसण्याइतकी पक्की झालीय. तशीच राहू द्या.

आपली,
कोच