डोहातला महसीर

प्रिय दादा,

आपण दोघं समोरासमोर असतानाही फारसं बोलायचो नाही, मग पत्र लिहायची सवय कुठून असणार? पण येत्या रविवारी तलावावर तुझ्या गळवाल्या मंडळींची स्पर्धा आहे. यंदापासून जिंकणाऱ्याला तुझ्या नावाची ढाल द्यायची आणि त्या ढालीवर तुझा मासे धरायचा पितळेचा चमचा बसवायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. चमचा माझ्याकडे आहे. तो द्यावा की नाही, हे मला ठरवता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

गजाननराव मागायला आले होते. इतकी वर्षं तुझ्याबरोबर नदीवर गेलेला माणूस, पण बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, तुझ्या गळांच्या डब्याकडे होती.

"ताई, याच चमच्यानं भाऊनं तो महसीर काढला. तुमी नुसता चमचा द्या, गोष्ट मी सांगतो. आईले समोर खुर्ची ठेवतो."

"उद्या देते," मी म्हटलं. मला गोष्ट नको होती.

ते गेल्यावर चमचा खिडकीशी नेऊन नीट पाहिला. इतवारी बाजारातून आणलेला पितळी पत्रा कापून तू तो घडवलास, एका टोकाला कडी आणि दुसऱ्याला तीन काट्यांचा गळ. पाण्यात ओढला की लहान मासा पळतोय असं वाटून मोठा मासा झडप घालतो, हे तूच मला अंगणात दोरी ओढून दाखवलं होतंस. महसिराला जबड्यात दात नसतात, पण ओठांची पकड अशी की कच्चा गळ दाबून सपाट करतो, हेही तूच सांगितलंस. मग हा गळ इतका सरळ कसा? पितळेवर एक ओरखडाही का नाही? गळ तू नंतर बदललास का? पण ओरखडे कसे पुसशील?

तुला तो दिवस आठवतो? ओल्या पोत्यात गुंडाळलेला मासा, दारात जमलेला मोहल्ला. आई पाट्यावर मसाला वाटत होती, म्हणून मासा मी विळीवर घेतला. हाताला राख लावून पोट उघडलं. आत फुगलेले फुटाणे होते. आणि खोबऱ्याचे तुकडे.

मी ते सगळं कागदात गुंडाळून लांब टाकून आले.

महादेवाच्या देवळाखालच्या डोहात आई दर खेपेला फुटाणे आणि प्रसादाचं खोबरं टाकायची. "हे देवाचे मासे," म्हणायची, "यायले कोनी हात लावत नाई." आणि त्या रात्री तिने त्याच माशाचा रस्सा दोनदा वाढून घेतला, तुझं कौतुक करत. पुरात एखादा मासा डोहातून खाली वाहून आला असेल, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण ते दिवस उन्हाळ्याचे होते, डोहाखाली नदीत गुडघाभर पाणी नव्हतं. शिवाय माशाच्या ओठाला जखम नव्हती. घशात खोल एकच भोक होतं. चमच्याचा गळ असा गिळला जातो का?

एक गोष्ट मला अजून खटकते. तो मासा शिजेपर्यंत तू एकदाही स्वयंपाकघरात आला नाहीस. एरवी विळीशी उकिडवा बसून सूचना देणारा तू. का आला नाहीस?

दुसऱ्या दिवशी गजाननराव आले तेव्हा मी चहा दिला आणि सरळ विचारलं, "माशाच्या पोटात फुटाणे कसे होते?"

ते लगेच म्हणाले, "अवो ताई, फुटाणे तं आमीच फेकत होतो. त्यानं बारके मासे जमतात, मंग मोठा येते." उत्तर इतकं चटकन आलं की मला ते आधीच तयार ठेवलेलं वाटलं.

"आणि खोबरं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "गेलेल्या मानसाचं काहून उकरून राहिल्या, ताई?"

"आई समोर बसणार आहे म्हणून."

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात बोलले. "सकाळपासून चमचा फेकू फेकू हात भरून आले. एकबी मासा ढुंकून पाहे ना. देवळापाशी कोनी नव्हतं. भाऊनं साध्या गळाले कनकीचा गोळा लावला अन् डोहात सोडला. एका दमात गिळला त्यानं. येताना बसमंधी भाऊ एक शब्द नाई बोलला. दारात कोनीतरी इचारलं, चमच्यानं काढला का? भाऊ हो म्हनला. तेवढंच, ताई."

"आणि नंतर?"

"नंतर कनकीले हात नाई लावला कदी. मलेबी लावू दिला नाई. म्हने, चमच्याले येईल तोच मासा आपला."

तुझी बाजू सावरायची म्हणून ते असं बोलत असतील, असा मला संशय आला. चांगला मित्र खोटं बोलूच शकतो. पण ते गेल्यावर आठवलं. पूर्वी दर रविवारी पहाटे तू माझ्याकडे कणकेचा गोळा मागायचास, घट्ट मळलेला, हळद घातलेला. त्या माशानंतर तू पोळ्यांचा डबा तेवढा न्यायचास. गोळा कधीच मागितला नाहीस. हे मला कोणी सांगायला नको, परातीशी मीच असायची.

आणि तुझी पिशवी. त्यानंतर कितीदा ती कोरडी यायची. मी एकदा चोरून वासही घेऊन पाहिला होता. हा खरंच नदीवर जातो का, की कुठे पत्ते खेळत बसतो? असंही मनात येऊन गेलं. लग्न न केलेल्या भावाबद्दल बहिणीच्या मनात आणखी काय काय येतं, ते लिहीत नाही. तुला कुणाला सांगायला नको वाटलं असेल, पण मला तरी सांगायचं होतंस. मासा कुणी साफ केला, हे तुला ठाऊक होतं.

मी तो चमचा देणार नाही. डब्यात दुसरा आहे, दगडांवर घासून पातळ झालेला, वाकडा गळवाला. तो देईन. महसिराची गोष्ट सांगायची नाही, असं गजाननरावांना बजावलं आहे. आईला खोबऱ्याचं माझ्याकडून कळणार नाही, हा शब्द देते.

त्या गोष्टीऐवजी मी उभी राहीन. चार माणसांत मी कधी बोलले नाही, पण रविवारी बोलेन. माझा भाऊ कितीतरी रविवार रिकामी पिशवी घेऊन घरी आला, एवढंच सांगेन. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुझी धाकटी,
सुमन