हमामचं दुसरं दार

प्रिय अल्लाल,

फोनवर तू "बरं, बरं, बघू" म्हणतोस, मागे बोटीचा भोंगा वाजतो आणि बोलणं संपतं. म्हणून लिहायला बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इथे सगळं ठीक म्हणायचं. ऑलिव्ह यंदा उशिरा पिकले, तुझ्या आईचा गुडघा थंडीनं धरलाय, आणि आपला मुनीर जाकिटाची बटणं आता स्वतः लावतो. हे वाक्य घाईत वाचलं असशील तर पुन्हा वाच. दोन हिवाळे गेले त्यात. त्याची बोटं आखूड, सांधे सैल, पकड मऊ. बटण चिमटीत आलं की निसटतं. अशा मुलांच्या केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं, बाकी सगळं तुम्ही करा, बटण काजातून शेवटचं ओढणं तेवढं त्याच्यासाठी ठेवा. काम पुरं केल्याचा मान त्याचा. मग हळूहळू एकेक पायरी त्याच्या हाती सोडा. आम्ही वाटाणे सोलले, कणीक मळली, दोरीवरचे चिमटे दाबून दाबून बोटं कणखर केली. तुझी आई म्हणायची, "अगं, लेकराला छळतेस कशाला? हो बाजूला, मी लावते एका क्षणात." मी तिचा हात धरून ठेवायचे. शिक्षकांच्या सभेत मंत्र्यांची सालटी काढणारी मी. पण त्या एका बटणासमोर गप्प बसण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

आता हमामचं सांगते. दर गुरुवारी अंघोळीला मी त्याला माझ्याबरोबर बायकांच्या बाजूला न्यायचे. शेजारच्या लतीफाचा मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा तिथे पाणी भरून देणाऱ्या म्हातारीनं, लल्ला तामोनं, वाफेतून हाळी दिली होती, "काय गं, पुढच्या खेपेला याच्या बापालाही घेऊन ये की!" बायका खिदळल्या, पोरगं लाजेनं लाल झालं आणि पुढच्या आठवड्यापासून शेजारच्या दारानं पुरुषांत जायला लागलं. आपल्याकडे मुलगा असाच मोठा होतो, एका टोमण्यानं. मुनीर दहाचा झाला, तरी त्याला तो टोमणा कुणी मारेना. शेवटी मीच विचारलं. लल्ला तामोनं माझ्या गालावरून हात फिरवला. "त्याचं काय, लेकी? तो फरिश्ता. त्याला कुठं काय कळतंय? विशीचा झाला तरी आण." बाकीच्या बायकांनी कळवळून माना डोलावल्या.

कुणी शिवी दिली असती तर उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. या मायेला काय उत्तर देऊ? ज्याच्यासमोर कुणालाच लाज वाटत नाही, त्याला माणसांत मोजलेलंच नाही, अल्लाल! फरिश्त्याला साबण लागत नाही. फरिश्त्याला दाढी फुटत नाही. माझ्या मुलाला फुटणार आहे. तिथेच ओल्या फरशीवर उभी राहून मी म्हणाले, "लल्ला, याला बाहेर काढ. लतीफाच्या पोराला काढलंस तसं. मोठ्यानं." ती गडबडली. मग कशीबशी पुटपुटली, "पुढच्या खेपेला... बापाला घेऊन ये." हसलं कुणीच नाही. एकटा मुनीर हसला, अगदी कान तांबडे होईपर्यंत.

तेव्हापासून अंगणात बादली ठेवून आमची तालीम चालू आहे. काळा साबण लोण्यासारखा मऊ, म्हणून सोयीचा, वडीसारखा निसटत नाही, तळहातावर बसतो. खरखरीत हातमोजा चढवताना अंगठा भलत्याच बाजूला जातो, मग चिडतो, मोजा भिंतीवर फेकतो, आपणच जाऊन उचलून आणतो. कमरेला पंचा गुंडाळून टोक खोचणं जमायला लागलंय. चालताना सुटतो कधीकधी. सुटू दे.

पण तो हमामला जात नाही. बायकांच्या दाराशी नेलं तर पाय रोवून उभा राहतो. पुरुषांच्या दारातला माणूस म्हणतो, "बाई, बरोबर मोठं माणूस हवं. आत घसरला तर?" त्याचंही चुकत नाही. लतीफाचा नवरा "चल रे पहिलवान, माझ्याबरोबर" म्हणून हात पुढे करतो, तर मुनीर मान हलवतो. "बापाला घेऊन ये म्हणाली." आणि दर गुरुवारी दोन दारांमधल्या पायरीवर बादली मांडीत घेऊन तो बसतो. अंधार पडला की आम्ही परत येतो.

गेल्या दोन ईदना तुला रजा मिळाली नाही म्हणालास. तुझ्याच बोटीवरची बाकी माणसं आली होती, मी कुणाकडे चौकशी केली नाही, बाजारात दिसली. तू त्याच्यावर जीव टाकतोस हे मला ठाऊक आहे. घरी असलास की त्याला भरवतोस, त्याचे बूट चढवतोस, सगळं भराभर, म्हणजे तो किती सावकाश करतो ते कुणाला दिसायला नको. हमामात ते दिसणार. उघड्या अंगानं, गावातल्या सगळ्या पुरुषांसमोर. तुला त्याचीच धास्ती आहे. मी हजार माणसांसमोर बोलू शकते, पण त्या दाराच्या आत माझा शब्द जात नाही, आणि तिथे त्याला फक्त तू हवा आहेस. म्हणून हे पत्र. ये. त्याच्याशेजारी बस. तो वेळ लावेल, लोक बघतील, बघू देत. मोजा हातातून पडला तर तू वाकू नकोस. पाठ तेवढी घास त्याची. तिथे सगळेच पुरुष एकमेकांची घासतात. आणि मग वळून तुझी पाठ त्याच्यापुढे कर.

तुझीच,
बतूल